वकिली आणि एमबीए : पदव्या दोन, खुर्ची एक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सुरू आहे, वडिलांची शिरोली औद्योगिक वसाहतीत फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे, अमेरिकेत कायदा आणि व्यवस्थापन या दोन्ही पदव्या एकत्र देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो असे तुमच्या वाचनात आले. तसे काही कोल्हापुरात, निदान पुण्या-मुंबईत, करता येईल का, करावे का, आणि केले तर वकिलीची सनद घेऊन वडिलांचा कारखानाही सांभाळता येईल का, हे तुम्हाला विचारायचे आहे. मामांनी यावर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ असे मत दिल्याचेही तुम्ही प्रामाणिकपणे कळवले आहे. मामांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, पण दुखणे एका ठिकाणी आणि त्यांनी बोट ठेवले दुसऱ्याच ठिकाणी, असे झाले आहे. दोन पदव्या घेतल्याने कोणाच्या चिंध्या झालेल्या मी पाहिलेल्या नाहीत. त्या पदव्यांच्या जोरावर एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसू पाहणाऱ्यांची फरपट मात्र पाहिली आहे, आणि काही महिने स्वतः अनुभवलीही आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचा तिसरा भाग, सनद आणि कारखाना यांचा, तोच खरा कळीचा आहे. तो बहुतेक जण सर्वांत शेवटी विचारतात, कित्येकदा सनद हातात पडल्यावर विचारतात.

मी गेली सव्वीस वर्षे या क्षेत्रात आहे. त्यातील पाच वर्षे पुण्यातील एका कंपनीच्या विधी विभागात नोकरी केली, त्याच काळात शनिवार-रविवारच्या वर्गांना बसून व्यवस्थापनाची पदवी घेतली, आणि उरलेला सगळा काळ कोल्हापुरात करारांची, कंपनी कायद्याची आणि थकलेल्या येण्यांची कामे करण्यात गेला. पुढील मते त्या अनुभवातून आली आहेत. नियम जिथे सांगितले आहेत तिथे ते नियम म्हणूनच वाचावेत.

आधी पदव्यांचे पाहू. अमेरिकेत कायद्याची पदवी, ज्युरिस डॉक्टर ऊर्फ जेडी, ही पहिली पदवी मिळवल्यानंतरच घेता येते आणि ती तीन वर्षांची असते. एमबीए दोन वर्षांचे. दोन्ही स्वतंत्रपणे केल्यास पाच वर्षे लागतात. संयुक्त अभ्यासक्रमात एका विद्यालयातील काही विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) दुसऱ्या विद्यालयात धरले जातात आणि एक वर्ष वाचते. साधारणपणे एक संपूर्ण वर्ष कायद्याच्या विद्यालयात, एक संपूर्ण वर्ष व्यवस्थापनाच्या विद्यालयात आणि उरलेली दोन वर्षे दोन्हीकडचे विषय मिसळून, अशी त्याची मांडणी असते. हार्वर्डचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. नॉर्थवेस्टर्न, पेनसिल्व्हेनिया, येल आणि कोलंबिया येथे तो तीन वर्षांतही बसवलेला आहे. प्रवेश मात्र सामान्यतः दोन्ही विद्यालयांत आपापल्या गुणांवर मिळवावा लागतो. एकाने घेतले म्हणून दुसरे घेईलच असे नाही. तिथे हे जमते याचे कारण असे की पदवीनंतरच्या शिक्षणाची दोन्ही विद्यालये एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली असतात आणि श्रेयांकांची देवघेव त्यांच्या घरची असते.

आपल्याकडे घराची वाटणीच वेगळी झाली आहे. कायद्याच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियंत्रण असते आणि व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा कारभार निराळ्या यंत्रणेकडे असतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील सहावा नियम सांगतो की कायद्याच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी त्याच किंवा अन्य विद्यापीठाच्या दुसऱ्या पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घालता येत नाही. अपवाद एकाच संस्थेने चालवलेल्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली तेव्हा अनेक पालक वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांना मी तेव्हा जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो : त्या परवानगीतच, जिथे व्यावसायिक परिषदेचे नियम लागू असतील तिथे ते पाळावे लागतील, अशी अट आहे. त्यामुळे सकाळी शहाजी लॉ कॉलेज आणि दुपारी सायबर ही व्यवस्थापन संस्था, असा बेत कागदावर कितीही सोयीचा दिसला तरी तो करू नका. बार कौन्सिलच्या सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तर विद्यार्थ्यांनी आपण अन्य नियमित पदवी घेत नसल्याचे लेखी द्यावे अशी अपेक्षा ठेवली आहे. खोट्या कागदावर सही करून ज्याची सुरुवात झाली, त्या वकिलीला पुढे कोण विचारणार?

याच सहाव्या नियमात एक छोटी खिडकी आहे. भाषेचे किंवा संगणकाचे अल्पमुदतीचे अर्धवेळ अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम यांना या मनाईतून वगळलेले आहे. म्हणजे नियमित एलएलबी करीत असताना इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाचे एमबीए करण्यास हा नियम आडवा येत नाही. नियमाप्रमाणे ते चालते, तरीही मी स्वतः तसा सल्ला सहसा देत नाही. दूरशिक्षणाचे एमबीए पदोन्नतीसाठी आधीच नोकरीत असलेल्या माणसाच्या कामी येते. बाविसाव्या वर्षी, हाताशी कामाचा कसलाही अनुभव नसताना, पुस्तके घरी मागवून केलेले एमबीए नावापुढे तीन अक्षरे लावते आणि फारसे काही देत नाही. उलट क्रम मात्र मुळीच जमत नाही : एलएलबी दूरशिक्षणाने केल्यास त्यावर सनद मिळत नाही.

तुमचा धाकटा भाऊ बारावीत आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्यासाठी पाच वर्षांचा बीबीए-एलएलबी हा एकात्मिक मार्ग खुला आहे. पुण्या-मुंबईतील काही संस्थांत तो चालतो, काही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत चालतो, आणि रोहतकच्या आयआयएमनेही २०२१ पासून कायद्याचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला आहे. त्यातील बीबीए ही व्यवस्थापनाची पहिली पदवी आहे, एमबीए नव्हे. नावातील साम्याने फसू नये. तशीच गल्लत ‘मास्टर ऑफ बिझनेस लॉज’ या पदवीबद्दल होते. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा हा दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम नोकरदारांना उपयोगी आहे, पण तो एमबीए नाही आणि त्यावर वकिलीही करता येत नाही.

तेव्हा तुमच्यापुढे खरा प्रश्न ‘एकत्र की वेगळे’ हा उरतच नाही; वेगळेच. उरतो तो ‘आधी कोणते’ हा, आणि त्यावर माझे मत ठाम आहे : आधी तीन वर्षांचे एलएलबी, मग दोन-तीन वर्षे काम, आणि मग वाटलेच तर एमबीए. कारण साधे आहे. एमबीए नंतरही मिळते आणि अनुभवी माणसाला अधिक चांगले मिळते. नोकरी सांभाळून करण्याचे, एका वर्षाचे, शनिवार-रविवारचे असे त्याचे नाना प्रकार आहेत. एलएलबीचे तसे नाही. त्याला वर्गात बसावेच लागते, नियमाने प्रत्येक विषयाला सत्तर टक्के हजेरी लागते, आणि एकदा एमबीए होऊन चांगला पगार सुरू झाला की पुन्हा तीन वर्षे बाकावर बसायला कोणी सहसा येत नाही. माझ्या एमबीएच्या वर्गात कायदा शिकायची इच्छा असलेले सात-आठ जण होते. त्यातील एकानेही पुढे तो केला नाही.

खर्चाचे गणितही याच बाजूने झुकते. अनुदानित विधी महाविद्यालयाचे वर्षाचे शुल्क हजारांत असते. नामांकित व्यवस्थापन संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क वीस लाखांच्या पुढे जाते. अमेरिकेतील आघाडीच्या विद्यापीठात चार वर्षांचे केवळ शिक्षणशुल्कच तीन लाख डॉलरच्या घरात जाते आणि राहणे-खाणे वेगळे. एवढे कर्ज फेडायचे तर तिथल्याच पगारावर फेडावे लागते, तिथे राहायचे तर पदवीनंतरच्या कामाच्या अल्पमुदतीच्या परवान्यानंतर व्हिसाच्या सोडतीत नाव निघावे लागते, आणि परत येऊन इथे वकिली करायची तर परदेशी पदवीला बार कौन्सिलची मान्यता आहे का ते पाहून पात्रता परीक्षा द्यावी लागते. वडिलांचा कारखाना शिरोलीत असताना हा रस्ता मला लांबचा वाटतो. परदेशी शिकण्याची हौस असेल तर इथे एलएलबी करून तिकडे एका वर्षाचे एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करणे कितीतरी स्वस्त पडते.

आता या जोडशिक्षणाचा उपयोग नेमका कुठे होतो ते दाखवतो, कारण ‘कायदा आणि व्यवसाय यांची सांगड’ हे शब्द माहितीपत्रकात गुळगुळीत होऊन गेले आहेत. काही काळापूर्वी गोकुळ शिरगावच्या वसाहतीतील एक कारखानदार माझ्याकडे आले. येताना त्यांनी पिशवीतून पंपाच्या बॉडीचे एक कास्टिंग (ओतीव भाग) आणले होते. बाहेरून काही दिसत नव्हते; पण ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर आतल्या बाजूला हरभऱ्याएवढे ब्लोहोल, म्हणजे ओतकामात वायू अडकून राहिलेले छिद्र, उघडे पडले होते. असे नग निघाले म्हणून ग्राहक कंपनीने माल पोचल्यानंतर चार महिन्यांनी डेबिट नोट (बिलातून रक्कम कापत असल्याची सूचना) पाठवली होती, आणि तीत कास्टिंगच्या किमतीबरोबर मशीनिंगचा खर्चही लावला होता, जो कास्टिंगच्या किमतीच्या अडीचपट होता. त्याखेरीज आधीची दोन मोठी बिले नव्वद दिवस उलटूनही थकलेली होती. परचेस ऑर्डरच्या पुढच्या पानावर किलोमागे दर होता. मागच्या पानावर फिकट राखाडी शाईत बारीक अक्षरांत अटी छापलेल्या होत्या, ज्या कारखानदारांनी अकरा वर्षांत एकदाही वाचलेल्या नव्हत्या. (हे तक्रार म्हणून लिहीत नाही, दिवसपाळी-रात्रपाळी सांभाळणाऱ्या माणसाने त्या कधी वाचाव्यात, हाही प्रश्नच आहे.)

निव्वळ वकिलाच्या नजरेने पाहिले तर प्रकरण चांगले होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पैशाची मुदत मोजण्यापुरता माल स्वीकारला गेल्याचे मानले जाते. करारात काहीही लिहिलेले असो, सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेच लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज चढते. अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेने पुरवठादाराच्या बाजूने निवाडा दिला तर त्याला आव्हान देण्यासाठी ग्राहकाला पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकरात केलेल्या दुरुस्तीमुळे, मुदतीत पैसे न दिल्यास ग्राहकाला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. एवढी शस्त्रे हातात असताना कोणताही तरुण वकील परिषदेकडे अर्ज ठोकून मोकळा होईल. मीही तिशीत असतो तर हेच केले असते.

पण ताळेबंद उघडल्यावर चित्र बदलले. कारखान्याच्या एकूण विक्रीपैकी साठ टक्के माल या एकाच ग्राहकाला जात होता. भंगार आणि पिग आयर्न आठवड्याच्या उधारीवर यायचे, ग्राहकाचे पैसे तीन महिन्यांनी यायचे, आणि मधली खिंड बँकेच्या कॅश क्रेडिटने (खेळत्या भांडवलाच्या कर्जाने) भरली जायची, म्हणजे कास्टिंगवरच्या नफ्याचा मोठा वाटा मुळात व्याजातच जात होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या राखाडी अटींत दडलेली होती : सगळे पॅटर्न (साचा तयार करण्याचे नमुने) ग्राहकाच्या पैशाने बनलेले, त्यामुळे त्यांची मालकी ग्राहकाची, आणि मागणी करताच ते परत द्यायचे होते. पॅटर्न उचलून दुसऱ्या फाउंड्रीत नेले की पुरवठा बंद करण्याच्या धमकीला काही अर्थ उरणार नव्हता. अर्ज केला असता तर आम्ही बहुधा जिंकलो असतो, आणि कारखानदार वर्षभरात रिकाम्या भट्टीसमोर बसले असते.

मग आम्ही नोटीस पाठवली नाही, पत्र पाठवले. त्यात कायद्यातील मुदत आणि व्याज यांचा हिशेब शांतपणे मांडला, आयकराच्या वजावटीची आठवण ग्राहकाच्या लेखा विभागाला करून दिली, आणि शेवटी चर्चेची वेळ मागितली. त्या चर्चेतून तीन गोष्टी मिळाल्या. रिजेक्शनच्या भरपाईला वरची मर्यादा ठरली, नव्या बॅचच्या पहिल्या काही नगांचे मशीनिंग दोन्हीकडच्या माणसांसमोर करायचे ठरले, आणि भंगाराच्या दराशी जोडलेली दरमहा दरदुरुस्ती करारात आली. थकलेली बिले दोन हप्त्यांत आली. डेबिट नोटेतील मशीनिंगचा अर्धा खर्च आम्ही सोसला, कारण ब्लोहोल खरे होते आणि दोष आमच्या कोअरमध्ये (साच्याच्या आतल्या गाभ्यात) होता. सोसलेल्या त्या अर्ध्या खर्चाला मी या प्रकरणातील सर्वांत फायद्याची तडजोड मानतो. ती कुठल्याही निवाड्यात बसली नसती, आणि ती सुचायला कलम आणि कॅश फ्लो दोन्ही एकाच डोक्यात असावे लागतात. एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला सनदी लेखापाल बसवूनही हे साधते, नाही असे नाही; मात्र त्या दोघांत भाषांतर करायला तिसरा माणूस लागतो.

दुसरे उदाहरण तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे झळकली आणि गावभर संताप उसळला. चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी. त्याचे नोंदणीकृत धारक म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. काही वकिलांनी जनहित याचिका केली, ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते त्या मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते. पुढे डिसेंबरमध्ये कंपनी आणि महामंडळे यांच्यात सामंजस्य करार झाला. दावा कोणी करायचा, हे कायदा सांगतो; दावा न करता काय पदरात पाडून घेता येईल, हे व्यवसाय सांगतो; आणि सुभाषनगरातल्या कारागिराच्या हाती त्यातले किती पडेल हे करार लिहिणाऱ्याच्या लेखणीवर ठरते. असे करार लिहिणारी माणसे कोल्हापुरात हवी आहेत. गूळ, चांदी, साखर, दूध, इचलकरंजीचे कापड, हे सगळे याच जातीचे काम आहे.

आता खुर्चीचा प्रश्न, ज्यासाठी खरे तर हे उत्तर लिहायला घेतले.

एलएलबी झाले म्हणजे तुम्ही विधी पदवीधर. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घेतली आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झालात म्हणजे वकिली करणाऱ्या अधिवक्ता. (नोंदणीचे शुल्क आता भीतीदायक राहिलेले नाही; ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपुरते, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपुरते, मर्यादित केले.) सनद घेतली की बार कौन्सिलचे आचारनियम लागू होतात, आणि त्यांतील सत्तेचाळीस ते पन्नास हे चार नियम तुमच्यासारख्या कारखानदारांच्या मुलामुलींनी प्रवेश अर्जाच्या आधी वाचावेत असे मला वाटते. सत्तेचाळीसावा नियम सांगतो की अधिवक्त्याने स्वतः कोणताही धंदा करू नये. भागीदारीत केवळ निष्क्रिय भागीदार राहता येते, तेही धंदा पेशाच्या प्रतिष्ठेला बाधक नसेल तर. अठ्ठेचाळीसाव्याप्रमाणे कंपनीचे संचालक किंवा संचालक मंडळाचे अध्यक्ष होता येते, परंतु कार्यकारी स्वरूपाचे कोणतेही काम करता येत नाही, आणि व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सचिव तर मुळीच होता येत नाही. एकोणपन्नासाव्याप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरल्यास ते कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. आणि पन्नासावा जणू शिरोली-उद्यमनगरच्या घरांसाठीच लिहिला आहे : वारशाने आलेला कौटुंबिक धंदा चालू ठेवता येतो, त्यातील हिस्साही ठेवता येतो, मात्र त्याच्या व्यवस्थापनात स्वतः भाग घेता येत नाही.

म्हणजे सकाळी उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरातील सर्किट बेंचसमोर उभे राहायचे आणि दुपारी कारखान्यात जाऊन पगाराच्या चेकवर सह्या करायच्या, हे चालत नाही. आपल्याकडे असे करणारे कोणी तुम्हाला दाखवतीलही. ‘काही होत नाही हो’ हे वाक्य मीही पुष्कळ ऐकले आहे. तक्रार होईपर्यंत काही होत नाही हे खरे. तक्रार करणारा बहुधा प्रतिपक्ष असतो किंवा वाटणीवरून रुसलेला चुलतभाऊ, आणि तो नेमकी अडचणीचीच वेळ निवडतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. पुण्याची नोकरी धरली तेव्हा सनद स्थगित करण्याचा अर्ज ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणत मी आठ महिने दिलाच नाही. त्या काळात मी एकदाही न्यायालयात उभा राहिलो नव्हतो, त्यामुळे आपण काही गैर करीत आहोत असे मनालाही शिवले नाही. परत येऊन वकिली पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा त्या आठ महिन्यांचा खुलासा, प्रतिज्ञापत्र, नोकरी सुरू झाल्याचे आणि सोडल्याचे दाखले, असे सगळे उभे राहिले. अर्ज मार्गी लागेपर्यंतचे चार महिने माझी कामे एका सहकाऱ्याने चालवली आणि मी त्याच्या केबिनमध्ये बसून मसुदे लिहीत राहिलो. दोष सर्वस्वी माझा होता. एका पानाचा अर्ज होता तो.

कंपनीच्या विधी विभागात नोकरी करण्याचा विचार असेल तर आणखी एक भान ठेवा. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पगारावर असलेला विधी सल्लागार हा वकिली करणारा अधिवक्ता नसल्याने भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधील वकील-अशील गोपनीयतेचे संरक्षण त्याला मिळत नाही. तुमच्या वडिलांच्याच कारखान्यात पगारी सल्लागार होऊन तुम्ही जे लिहाल ते आणि बाहेरच्या वकिलाने जे लिहिले ते, या दोन्ही कागदांचे मोल न्यायालयात सारखे नसेल. न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांचीही वाट आता बदलली आहे : मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तुमचा तो विचार दिसत नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

सर्किट बेंच आले, आता कोल्हापुरात राहूनच सगळे होईल का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयीन कामे इथे चालतात. मुंबईच्या रात्रीच्या गाडीची तिकिटे काढण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले त्या आमच्या पिढीला याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. परंतु कंपनी कायद्याचे आणि दिवाळखोरीचे खटले राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात आणि त्यासाठी मुंबई चुकत नाही. म्हणून एलएलबीच्या काळात जी किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते तिची वाटणी मी अशी करीन : चार आठवडे कसबा बावड्यातील न्यायसंकुलात एखाद्या दिवाणी वकिलाकडे, चार आठवडे कंपनी सचिव किंवा सनदी लेखापालाच्या कार्यालयात, आणि चार आठवडे मुंबईत, न्यायाधिकरणाची कामे करणाऱ्या वकिलाकडे. मधल्या चार आठवड्यांना विद्यार्थी नाके मुरडतात. मला तेच सर्वांत उपयोगाचे वाटतात, कारण ताळेबंद वाचायला तिथे शिकता येते, आणि मग पुढे एमबीएची खरोखर गरज आहे की कंपनी सचिवाच्या परीक्षा पुरेशा आहेत याचा अंदाजही तिथेच येतो.

राहता राहिले ते वडिलांचे. तुम्ही लिहिलेल्या नावावरून फाउंड्री एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीची दिसते, कंपनी दिसत नाही. तसे असेल तर सनद घेतल्यावर तुमच्यासाठी त्यात निष्क्रिय भागीदारीपलीकडे जागा नाही. तिचे खासगी मर्यादित कंपनीत रूपांतर केले तर अठ्ठेचाळीसाव्या नियमाप्रमाणे तुम्ही बिगर-कार्यकारी संचालक म्हणून मंडळावर बसू शकाल, करारांवर मत देऊ शकाल आणि वकिलीही करू शकाल. बँकेच्या सह्या, खरेदी, कामगार आणि दैनंदिन व्यवस्थापन मात्र भावाकडे किंवा पगारी व्यवस्थापकाकडे राहील. आणि पुढेमागे कारखाना स्वतःच चालवायचा असे ठरले तर सनद स्थगित करून व्यवस्थापकीय संचालक व्हा, कायद्याचे शिक्षण तिथेही वाया जात नाही. रूपांतराला जीएसटी, बँकेची तारण कागदपत्रे, औद्योगिक वसाहतीच्या भूखंडाचे हस्तांतर आणि ग्राहकांकडील पुरवठादार क्रमांकाचे (व्हेंडर कोडचे) बदल, असे बरेच सोपस्कार लागतात. त्यातले भूखंडाचे काम सर्वांत वेळखाऊ असते. तुमच्या एलएलबीची तीन वर्षे त्यासाठी हाताशी आहेत, तेव्हा वडिलांशी या विषयावर आताच बोला, आणि शक्य असेल तर त्या बैठकीला मामांनाही बसवा.